जुगाराला हात न लावणारे काका

काका हातमोजे दोनच वेळा काढायचे, जेवताना आणि आंघोळीला. हिवाळ्यात लाल लोकरीचे, उन्हाळ्यात पांढरे सुती. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांना इसब असणार. विचारायची सोय नव्हती. आपण मराठी माणसं समोरच्याचा पगार पहिल्या भेटीत विचारू, पण इसब नाही विचारत.

तर हे काका नेवाडाच्या डोंगरात, एका एवढ्याशा गावात, स्लॉट मशीन दुरुस्त करायचे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. नाणं टाकायचं, बाजूचा दांडा ओढायचा, आत चित्रांची तीन चाकं गरगर फिरतात. तिन्हींवर एकच चित्र आलं तर खाली नाण्यांचा सडा, नाही आलं तर नाणं गंगेला मिळालं. अमेरिकेत या मशीनला एका हाताचा दरोडेखोर म्हणतात. काका तिला बाई म्हणायचे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सनीव्हेलला एका चिप कंपनीत नवी लागले होते. नागपूरहून येऊन दोन वर्षं झाली होती, अंगावर एकच कोट होता आणि बोलण्यात झटका होता. एक दिवस साहेबानं हातात एक सर्किट बोर्ड ठेवला आणि म्हणाला, नेवाडात एक हॉटेल आहे, तिथल्या एका मशीनमध्ये हा बसवून बघ. सिएराचा घाट ओलांडून सहा तास ड्राइव्ह करत गेले. डोंगराच्या पायथ्याशी एक गॅस स्टेशन, म्हणजे पेट्रोल पंप, तिथून अर्ध्या तासाची वळणं, आणि वर ते गाव: एक रस्ता, एक चर्च, मेंढ्यांचे वाडे आणि एक दुमजली लाकडी हॉटेल.

हॉटेल मारीचं. मारी म्हणजे सत्तरीची बास्क बाई. तिचा बाप स्पेनच्या बाजूच्या, बास्क लोकांच्या डोंगरातून धनगर म्हणून आला, आणि पुढे आपल्यासारख्या धनगरांना राहायला त्यानं हे हॉटेल बांधलं. लांबच लांब एक टेबल, सगळ्यांनी एकत्र जेवायचं, आणि भिंतीला लागून डझनभर मशीनं. मी त्यातल्या एका मशीनचं पोट उघडून बोर्ड बसवायला बसले. तो मेला काही बसेना. दहा मिनिटांनी माझा पारा चढला आणि मी मराठीत ओरडले, "बस की रे मेल्या!"

मागून आवाज आला, "मेल्याला दामटू नका, बाई. आधी तो डावीकडचा स्क्रू सैल करा."

माझ्या हातून स्क्रूड्रायव्हर पडला. वळून बघते तर लाल हातमोजे घातलेला पन्नाशीचा माणूस, हातात स्टीलचा पेला. तो पेला त्यांनी मशीनला लावला, दुसऱ्या बाजूला कान लावला आणि डॉक्टरसारखं "हं" केलं. मग मला म्हणाले, "आत काय घालताय?"

"चिप. चाकं कुठं थांबायची ते आता ती ठरवणार."

"म्हणजे चाकं फिरतात ते नुसतं नाटक?"

"तसं म्हणा."

"मग नको. बाई हरवते ते चालतं, पण तिनं स्वतः हरवायला पाहिजे." आणि त्यांनी माझा बोर्ड नॅपकिनमध्ये नीट गुंडाळून परत माझ्या पर्समध्ये ठेवला. मी त्यांच्या पोटावर पाय द्यायला आले होते हे त्यांना कळलं होतं. तरी त्या दुपारी त्यांनी मला पिठलं-भात करून वाढला. वर भाजलेली मिरची. सिएराच्या पलीकडे, मेंढ्यांच्या वासात, पिठलं! मी रडले की तिखटानं पाणी आलं हे अजून ठरलेलं नाही.

साहेबाला सांगितलं, हॉटेल नाही म्हणतंय. आणि त्यानंतर महिन्यातून एकदा तरी मी तिकडे जायला लागले. कारण विचाराल तर पिठलं. जाताना सनीव्हेलच्या दुकानातून बेसन, हिंग आणि शेंगदाणे न्यायचे, एवढाच माझा चार्ज.

काकांचं मशीनशी बोलणं ऐकण्यासारखं असे. नाणं अडकलं की "काय बाई, बद्धकोष्ठ?" स्प्रिंग सैल झाली की "वय झालं, मान्य कर." खेळणाऱ्यांशी मात्र ते सासऱ्यासारखे वागायचे. कुणी तासाभराहून जास्त बसला की त्याच्या खांद्यावर हातमोजा पडायचा. "घरी जा. बायकोनं बटाटे उकडले असतील." असला मेकॅनिक कुठल्या हॉटेलवाल्याला परवडेल? पण मारी म्हणायची, माझा बापही असंच म्हणायचा, म्हणून तर ही गिऱ्हाइकं पन्नास वर्षं टिकली.

मशीनवरच्या चित्रांचाही त्यांचा अभ्यास होता. चेरी, लिंबू, आलूबुखार ही फळं का? तर फार पूर्वी जुगाराला बंदी आली तेव्हा मालक म्हणाले, हा जुगार नाहीच, हे च्युइंगम विकायचं मशीन आहे. म्हणून फळांची चित्रं, त्या त्या चवीची. आणि काळ्या पट्टीवर बी-ए-आर, बार, असं लिहिलेलं असतं तो च्युइंगमच्या कंपनीचा शिक्का. आता च्युइंगम कुणाला आठवतं? पण तीन बार एका ओळीत आले की सगळ्यात मोठं बक्षीस.

काकांनी दुरुस्ती करून चाचणी घेताना असे तीन बार आले की ते आख्ख्या हॉलला ऐकू जाईल असे ओरडायचे, "बार उडाला!" आपल्याकडे लग्नाचा बार उडतो ना, तसा. वर्षानुवर्षं ऐकून गावानं ते उचललं. कुणाचेही तीन बार आले की शेरीफपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे एका सुरात, "बारू डाला!" बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटे ही बास्क आरोळी आहे. गावातल्या बास्क लोकांना वाटे हा कुणी भारतीय देव असणार. काकांनी दोघांचाही गैरसमज दूर केला नाही.

हातमोज्यांचं मी शेवटी विचारलंच. माझ्याच्यानं किती दिवस राहवणार?

"शपथ आहे," काका म्हणाले.

काका मूळचे साताऱ्याचे. वडिलांचं पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, ते वडिलांनी तीनपत्तीत घालवलं. काका खाणकाम शिकायला अमेरिकेला निघाले तेव्हा आईनं त्यांचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून घेतला आणि म्हणाली, "म्हण, माझ्या गळ्याची शपथ, जुगाराला हात लावणार नाही." काकांनी म्हटलं. इकडे आल्यावर शिक्षण अर्धवट राहिलं, खाण बंद पडली, आणि एका थंडीत मारीच्या हॉटेलात मुक्काम असताना एक मशीन अडकलं. घड्याळजीचा मुलगा तो! बोटं शिवशिवायला लागली. मग मारीकडून हातमोजे मागून घेतले, मशीन उघडलं, दुरुस्त केलं, आणि तेव्हापासून तिथंच.

"म्हणजे हात लावला नाही," मी म्हटलं.

"आजतागायत नाही."

"अहो काका, पण याला काय अर्थ आहे! आईला लिहून टाका ना. सांगा, मी खेळत नाही, दुरुस्त करतो."

"गळ्याची शपथ आहे गं. मोडली असं तिच्या मनात जरी आलं, आणि तिला काही झालं, तर?"

"तुम्ही सायन्स शिकलेले."

"सायन्स माझ्या आईला ओळखत नाही. शपथ ज्यानं घातली त्यानं सुटली म्हटल्याशिवाय सुटत नाही. आणि ती सुटली म्हणायला आधी मी काय करतो ते सांगावं लागेल. तिथंच सगळं अडलंय."

आईला ते पत्रात लिहायचे, घड्याळांचं काम करतो. हेही खोटं नाही, असा त्यांचा दावा. मशीनच्या पोटात खरंच एक छोटं घड्याळ असतं, चाकं एकदम न थांबता एकामागून एक थांबावीत म्हणून. मला त्यांनी ते काढून दाखवलं होतं, इवलासा पंखा आणि दातेरी चाकं. असा हा माणूस. खोटं बोलायचं नाही, शपथ मोडायची नाही, आणि शब्दाशब्दांच्या फटीतून अंग चोरून जगायचं. मला हसू यायचं. पण एक दिवस कळलं की आईसमोर उभं राहून ती विचारेल या धास्तीनं काका पंधरा वर्षं साताऱ्याला गेलेले नाहीत. मग नाही आलं हसू.

आणि आईच आल्या. काकांचा पुतण्या सनीव्हेलजवळच फ्रीमाँटला होता, त्याला बाळ झालं. पणतू बघायला म्हणून आजीबाई ऐंशीव्या वर्षी विमानात बसल्या, पणतू बघितला, आणि चौथ्या दिवशी म्हणाल्या, "आता मला थोरल्याकडं पोचवा. त्याची घड्याळं बघायचीत." पुतण्याला सुट्टी नव्हती. काकांनी मला फोन केला. आवाज असा, जणू शाळेतून चिठ्ठी आलीय.

मी म्हटलं, मी आणते त्यांना. पण तिकडे मशीनं?

तो प्रश्न मारीनं सोडवला. त्या गावाला लपवाछपवीची परंपराच होती. मारीच्या लहानपणी नेवाडात काही वर्षं मशीनवर बंदी होती. सरकारी माणूस तपासायला निघाला की पायथ्याच्या गॅस स्टेशनवरून हॉटेलला फोन यायचा, "मेंढ्या वर येताहेत." एवढंच. मग अर्ध्या तासात सगळी मशीनं लोकरीच्या शेडमध्ये. फक्त सगळ्यात जुनं मशीन हलायचं नाही, कारण मारीच्या बापानं ते हॉलच्या एकुलत्या एक दगडी भिंतीत बोल्टनं पक्कं केलं होतं. त्याच्याभोवती त्यानं लाकडी कपाट बांधलं. फोन आला की कपाटाची दारं लावायची, दारावर एका संताचं चित्र टांगायचं, पुढं मेणबत्ती, आणि सगळ्यांनी गुडघ्यावर. सरकारी माणूस टोपी काढायचा, मटणाचा रस्सा खायचा आणि जायचा. या मशीनला काका म्हातारी म्हणायचे.

"माझ्या बापानं सरकारला फसवलं," मारी टेबलावर मूठ आपटून म्हणाली, "आम्हाला एक आई फसवता येणार नाही?"

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी आईंना फ्रीमाँटहून घेऊन निघाले. नऊवारी, त्यावर पुतण्याचं जाकीट, पायात बूट. रस्ताभर त्यांनी मला शेंगदाण्याचा लाडू भरवला आणि माझ्या लग्नाची चौकशी केली. पायथ्याच्या गॅस स्टेशनवर मी म्हटलं, एक फोन करून येते. पब्लिक फोनमध्ये नाणी टाकली आणि आवाज दाबून म्हटलं, "मेंढ्या वर येताहेत." पलीकडून मारी एवढ्या जोरात ओरडली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. गाडीत परतले तेव्हा हातात एक क्वार्टर, पंचवीस सेंटचं नाणं, उरला होता. आईंनी तो माझ्याकडून मागून घेतला आणि रुमालाच्या टोकाला बांधला. "असू दे. देवापुढं ठेवायला होईल."

हॉटेलच्या दारात काका उभे होते, लाल हातमोजे घालून. वाकून आईच्या पाया पडले ते उठेचनात. आईंनी त्यांचे खांदे धरून उठवलं, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "म्हातारा झालास की रे." दोघंही रडत होती. मागं उभा असलेला शेरीफही नाक पुसत होता, आणि त्याला तर एक अक्षर कळलेलं नव्हतं.

आत गेलो आणि मी थक्क झाले. मशीनं गायब. भिंतीवर, शेल्फवर, टेबलावर, जिकडंतिकडं घड्याळं! गावानं घराघरातून आणून लावलेली. लोलकाची, गजराची, चिमणी बाहेर येणारी, एक तर चर्चमधलं. आणि काकांना वेळ चुकलेली सहन होत नसल्यामुळे सगळी एका वेळेला लावलेली. आम्ही आत पाऊल टाकलं आणि चार वाजले. जो काही कल्लोळ झाला म्हणता! आई हॉलच्या मध्ये उभ्या राहून वर बघत राहिल्या.

"एवढी घड्याळं रे," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांच्या दुकानात इतकी कधी नव्हती."

काकांनी जवळच्या घड्याळाची काच उगीच पुसली. त्या क्षणी त्यांचा चेहरा बघवत नव्हता. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेच त्यांना खात होतं.

आईंना खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. आधी देव, मग चहा. त्यांची नजर कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेली. वर संताचं चित्र, पुढं मेणबत्ती. त्या तडक तिकडं निघाल्या. "इकडं आहे होय देवघर! पण दारं का लावलीत? भर दिवसा देव कोंडून ठेवतात का कुठं?"

"आई, थांब..." काका म्हणाले. थांबतील तर त्या आई कसल्या? त्यांनी दोन्ही दारं उघडली.

आत म्हातारी. ओतीव सोनेरी कमान, नक्षी, मधोमध काचेआड चेरी, लिंबू आणि एक घंटा. आता तुम्हीच सांगा, साताऱ्याहून आलेल्या ऐंशी वर्षांच्या बाईनं यात काय बघावं? कमान म्हणजे प्रभावळ, फळं म्हणजे नैवेद्य. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले. मग रुमालाची गाठ सोडली, क्वार्टर काढला, फट दिसली तिथं सोडला. देवापुढची घंटा वाजवायची म्हणून बाजूचा दांडा धरला आणि चांगला खाली ओढला.

मी इंजिनियर आहे. पुढं जे झालं त्याची शक्यता किती ते मला माहीत आहे, आणि तुमचा विश्वास बसला नाही तर मी भांडणार नाही. पहिलं चाक थांबलं, बार. दुसरं, बार. तिसरं जरा रेंगाळलं, आणि बार. घंटा घणघणली, नाणी खणखणत ट्रेमध्ये, ट्रेमधून जमिनीवर. आणि कुणी कुणाला थांबवायच्या आत, शेरीफ, स्वयंपाक्या, मारी, सगळं गाव सवयीनं ओरडलं, "बारू डाला!"

मग फक्त घड्याळांची टिकटिक.

आई सावकाश वळल्या. "यांना हे कोणी शिकवलं?"

काकांनी मान खाली घातली.

"हा देव नाही."

"नाही, आई."

"हा जुगार आहे."

"हो, आई."

"आणि ही घड्याळं?"

आईंचं बोट भिंतीकडं बघून शेरीफला वाटलं पाहुण्या घड्याळांची चौकशी करताहेत, म्हणून तो अदबीनं म्हणाला, "चिमणीवालं माझं आहे, मॅडम." मी कपाळाला हात लावला.

आईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. मला वाटलं, आता यांना काही होतंय. काकांना तर वाटलंच. ते गुडघ्यांवर त्यांच्यापुढं बसले आणि दोन्ही हात वर धरले, चोरी पकडल्यासारखे. "आई, मी खेळत नाही. दुरुस्त करतो. तुझी शपथ मोडली नाही मी. हात लावला नाही. कधीच नाही. बघ, मोजे आहेत."

आईंनी ते लाल हात आपल्या हातात घेतले. एका बोटाला रफू केलेलं होतं, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"किती वर्षं घालतोयस?"

"पंधरा."

"उन्हाळ्यातपण?"

"उन्हाळ्यात सुती."

आईंचे खांदे हलायला लागले. रडताहेत वाटलं, तर हसत होत्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी काढत हसत होत्या. "खुळ्या! अरे खुळ्या! आणि मी उगीच डॉक्टरच्या गोळ्या घेत बसले. ह्या मोज्यांवर जगले होय मी?" मग हसू थांबलं. "पंधरा वर्षं आला नाहीस, ते यापायी?"

काकांनी मान हलवली.

"तुझ्या बापाला मी शपथ घातली नव्हती, म्हणून तुला घातली. तू मोडशील म्हणून नव्हे रे. तुला जाऊ द्यायला माझ्याकडं दुसरं काहीच नव्हतं."

त्यांनी लोकरीच्या बोटांना धरून एक मोजा उपसला. मग दुसरा. आत हात पांढरेफटक, मऊ, लहान मुलासारखे. मोजे आईंनी स्वतःच्या जाकिटाच्या खिशात घातले.

"सुटली," त्या म्हणाल्या. "शपथ सुटली. ऊठ. मी ओढलाय, आता तू ओढ."

मारीनं जमिनीवरचं एक नाणं उचलून पुढं केलं. काका उठले. नाणं टाकलं. उघडा हात दांड्याकडे नेला, मध्येच थांबवला, आईकडं बघितलं आणि ओढला. चाकं फिरली. लिंबू. चेरी. घंटा. काही नाही, साफ फुसका बार. गाव बिचारं ओरडायला तोंड उघडून उभं होतं.

काकांनी हात मात्र काढला नाही. दांडा तसाच धरून उभे राहिले, आणि मग हरखून आमच्याकडं वळले.

"आई गं," ते म्हणाले, "हिचा हात केवढा गार आहे!"